मुरुडच्या माश्या, नांदेडच्या माश्या

मडिवाळप्पाच्या जिभेला हाड नव्हतं, हे लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या हमालापासून वकिलापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बर्फाचा कारखाना आहे ना बाबा तुझा? मग मुकाट्यानं लादी फोडावी, पोत्यात गुंडाळावी, गिऱ्हाइकाच्या सायकलला बांधावी आणि पुढच्याला हाक मारावी. पण नाही! हा लादी फोडता फोडता गिऱ्हाइकाच्या सासऱ्याची चौकशी करणार, नव्या साहेबांच्या नव्या जीपला नावं ठेवणार, आणि बर्फ वितळायला लागला की गिऱ्हाइकालाच म्हणणार, "बोलत काय बसलाव, जावा की घरी!"

चौऱ्याऐंशीचा उन्हाळा. लातूर जिल्हा होऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. पाट्या नव्या, हापिसं नवी, साहेब नवे. जुना होता तो फक्त दुष्काळ. नळाला आठवड्यातून एकदा पाणी आणि तेही तांबडं. मडिवाळप्पाच्या कारखान्यात एका अंगाला बर्फ आणि दुसऱ्या अंगाला गोटीसोडा. पाण्याअभावी बर्फाचे निम्मे साचे कोरडे पडले होते. घर चालत होतं ते सोड्यावर. हे चार महिने सोडा खपला तर वर्ष निघायचं, नाहीतर कठीण होतं.

अशा त्या मार्चात एक दिवस पंचशीला आली. हातात बांबूची टोपली, टोपलीत कापसाचे बोळे लावलेल्या वीसेक बाटल्या.

"आप्पा, तुमच्या भुशाच्या खोलीत माझ्या माश्या ठेवल्या तर चालतील का?"

मडिवाळप्पाच्या हातातला लादी फोडायचा टोचा हवेतच राहिला.

"पोरी, लोक माश्या हाकलायला बर्फावर फडकं मारतात. तू ठेवायला आलीस व्हय?"

पंचशीला हसली. जवळच्याच मुरुडच्या केरबा मास्तरांची ही थोरली मुलगी. इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या पोरांकडून बेडूक चिरून घ्यायची तिची नोकरी, आणि शिवाय नांदेडच्या व्यंकटराव सरांच्या हाताखाली पीएच.डी. चाललेली. त्यांच्या घरात मास्तरकीच्या पलीकडे पाऊल टाकणारी तीच पहिली. तिनं बाटली उजेडात धरून दाखवली. आत तिळाएवढाले जीव उडत होते.

"घरातल्या माश्या नाहीत ह्या. पिकलेल्या केळावर बसतात ना, त्या फळमाश्या. कॉलेजच्या खोलीत भट्टी झालीय, आप्पा. ह्या उकाड्यात अंडीच घालत नाहीत. तुमच्या लाद्या भुशात असतात त्या खोलीत दाराजवळ एक फळी दिली तरी पुरे. बर्फ नको, नुसता गारवा."

गारवा मागायला आलेल्याला मडिवाळप्पानं कधी परत पाठवलं नव्हतं. फळी मिळाली.

शिवकांतानं मात्र कपाळावर हात मारून घेतला. मडिवाळप्पाची ही बायको कारखान्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहून नवऱ्याचा अख्खा कारभार नजरेत ठेवायची. "लोकांच्या दारात म्हशी असतात," ती म्हणाली, "आमच्या दारात माश्या! आन् त्यांना खायला गूळ घालून मक्याची खीर! मला कवा केली न्हाई कुणी."

पण खरं सांगायचं तर महिनाभरात दोघंही त्या माश्यांत अडकले. एप्रिलात जयंतीला पंचशीला दोन दिवस मुरुडला गेली, तेव्हा बाटल्या मडिवाळप्पानंच पाहिल्या. एक बोळा निसटला तर शिवकांतानं तो ओट्यावरचा डबा सोडून पळत येऊन लावला, आणि नंतर दिवसभर कुणाला सांगितलं नाही.

माश्या दोन जातीच्या होत्या. जातीच्या म्हणजे घराण्याच्या. नांदेडच्या माश्यांचे डोळे पांढरे. त्या सरांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं बाटलीतच जन्मलेल्या, बाहेरचं जग न पाहिलेल्या. मुरुडच्या माश्यांचे डोळे लालभडक. त्या रानटी. पंचशीलानं मुरुडच्या बाजारात केळीवालीच्या टोपलीखालून एक मादी धरली होती आणि सगळ्या लाल डोळ्यांच्या माश्या त्या एकीचीच पिल्लावळ. मडिवाळप्पा पांढऱ्यांना म्हणायचा 'साहेबीणबाई' आणि लाल्यांना म्हणायचा 'गाववाले'.

आता माश्या मोजायच्या म्हणजे आधी झोपवायला हव्यात. जाग्या माश्या मोजून दाखवा बरं! कॉलेजात त्याला इथर वापरायचे, पण बाटलीतलं इथर उन्हानं उडून गेलेलं आणि नवं मागवलं तर कागद सहा टेबलं फिरणार. पंचशीलाची नजर गेली सोड्याच्या गॅसच्या सिलिंडरवर. बाटलीत नळी घातली, गॅस सोडला, की माश्या टपाटप खाली. मोजायला कारखान्यात सपाट जागा एकच होती: बर्फाची लादी. लादीवर पोतं, पोत्यावर बाटली आणि पांढरा कागद. पंधरा मिनिटं झोप, मग भिंगातून मोजणी.

कागदावर ओतल्या की नांदेडच्या साहेबीणबाई पाचएक मिनिटांत हातपाय झाडत उठायच्या आणि पुन्हा बाटलीत जायच्या. मुरुडच्या गाववाल्या उठायच्याच नाहीत. पाय थरथर हलायचे, पंख पसरायचे, आणि संपलं. एकदा नाही, दर खेपेला. त्यांच्या गॅस न दिलेल्या बहिणी शेजारच्या बाटलीत खुशाल उडत असायच्या. पंचशीला वहीत आकडे लिहायची आणि पेन्सिलीचं टोक चावत बसायची.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडवलं ते मडिवाळप्पाच्या तोंडानं.

गुंडप्पा रसवंतीवाला बर्फ न्यायला आला होता. कागदावर मेलेल्या माश्यांचा ढीग पाहून म्हणाला, "हे काय हो मडिवाळप्पा?"

"माझ्या गॅसनं पडल्या!" मडिवाळप्पा छाती काढून म्हणाला. "असा कडक गॅस आख्ख्या जिल्ह्यात न्हाई. माशी मरते तर पोटातला जंत राहील का? प्या सोडा!"

आणि हा बाबा तेवढ्यावर थांबला असता तरी भागलं असतं. गिऱ्हाइकं हसली, तसा ह्याला चेव चढला. चार दिवस येईल त्याला कागद उचलून दाखवायचा, "बघा, माझ्या गॅसची ताकद!" दुकानदार आपल्या मालाची जाहिरात करतात, पण मेलेल्या माश्या दाखवून सोडा विकणारा हा पहिलाच. शिवकांता दोनदा म्हणाली, "आवं, बास करा." पण ऐकतंय कोण!

पाचव्या दिवशी गावात एका लग्नात चाळीस माणसांना जुलाब-उलट्या झाल्या. त्या दिवसांत टँकरच्या पाण्यानं अर्ध्या गावाचं पोट बिघडलेलंच होतं. पण लग्नात सोडा मडिवाळप्पाचा होता. मग काय! "त्याच्या गॅसनं माश्या मरतात, त्यानंच सांगितलं की!" पाणी राहिलं बाजूला, वऱ्हाडातलं चार तास उन्हात ठेवलेलं बासुंदीचं पिंप राहिलं बाजूला, आणि सगळं सोड्यावर आलं. संध्याकाळपर्यंत सोडा घ्यायला एक माणूस फिरकेना.

तिसऱ्या दिवशी अन्न-निरीक्षक आले. शेषेराव साहेब, मुखेडकडचे, वय सत्तावीस-अठ्ठावीस, पहिलीच नेमणूक. हापिसात एक टेबल, दोन खुर्च्या, वर पत्रे. पण शिक्के मात्र सात. त्यांनी सिलिंडरला टिचकी मारून पाहिली, सोड्याची बाटली हलवून पाहिली, आणि विचारलं, "तुमच्या गॅसनं माश्या मरतात हे तुम्ही स्वतः बोललात?"

"साहेब, ती मस्करी व्हती."

"माश्या मेल्या होत्या का नव्हत्या?"

मेल्या तर होत्या.

"सोमवारी सकाळपर्यंत खुलासा द्या. नाहीतर सोड्याच्या मशीनला सील."

सोमवार चार दिवसांवर होता. ऐन मे महिना. आत्ता सील लागलं म्हणजे पावसाळ्यापर्यंत सुटणार नाही आणि पावसाळ्यात सोडा कोण पितो? मडिवाळप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. शिवकांता डब्यातलं पीठ किती दिवस पुरेल ते बघायला आत गेली.

पंचशीला आली तेव्हा तिला सगळं कळलं. ती पोत्यावर बसली.

"माझ्यामुळं झालं, आप्पा."

"तुझ्यामुळं कशाला? माझ्या तोंडामुळं झालं. पण मला एक सांग. गॅस एकच, मग तुझ्या नांदेडच्या उठतात आन् मुरुडच्या काहून मरतात?"

"तेच तर! गॅसमध्ये खोट असती तर दोन्ही मेल्या असत्या. खोट मुरुडच्या माश्यांत आहे." ती उठून उभी राहिली. "मला शंका होतीच. उद्या नांदेडला जाते."

ती पहाटेच्या एस.टी.नं गेली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी परतली ती धुळीनं माखलेली आणि चेहरा उजळलेली. तिथल्या ग्रंथालयात एका जाडजूड पुस्तकात तिला तीन ओळी सापडल्या होत्या. पन्नासेक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये कुणाच्या तरी माश्या अशाच ह्याच गॅसनं पडल्या आणि उठल्या नाहीत. कारण त्यांच्या अंगात एक विषाणू होता.

"हळू बोल!" मडिवाळप्पानं दाराकडं पाहिलं. "आधीच लोक विष विष म्हणून राहिलेत, तू आन् विषाणू म्हण."

"रोगाचा अगदी बारीक कण, आप्पा. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. रानातल्या माश्यांत असे पुष्कळ विषाणू आपसूक असतात. हा तर इतका गरीब, की माशीला कळतसुद्धा नाही. उडते, खाते, अंडी घालते. फक्त हा गॅस दिला की तिची उठण्याची ताकद जाते."

"माणसाला व्हतो?"

"नाही."

"शेजारच्या माशीला?"

"तसाही नाही. आईच्या अंड्यातून लेकरात उतरतो. त्या केळीच्या टोपलीखालच्या म्हातारीला असणार, म्हणून तिच्या सगळ्या पिल्लावळीला आहे. नांदेडच्यांना नाही."

मडिवाळप्पाला हे एका झटक्यात पटलं. घराण्यात उतरणाऱ्या गोष्टी त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. त्याची स्वतःची जीभ त्याच्या बापाकडून आली होती.

"सोमवारी सगळ्यांसमोर करून दाखवते," पंचशीला म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "व्यंकटराव सरही येणार आहेत. त्यांना पटलेलं नाही. म्हणतात तुझा हात चुकतो, गॅस जास्त देतेस. डोळ्यांनी दिसलं तरच वहीवर आणि पुढच्या वर्षाच्या कागदावर सही करणार. नाहीतर नऊ महिन्यांचं काम बाजूला ठेवायचं आणि विषय बदलायचा."

"म्हंजी एका बाटलीत दोघांचं नशीब," मडिवाळप्पा म्हणाला.

सोमवारी निघताना शिवकांतानं त्याला दारात अडवलं. "आज तोंड उघडू नका. पोरगी बोलंल, तिचे सर बोलतील, साहेब बोलतील. तुम्ही गप बसायचं. शपथ हाय माझी."

"हाव," मडिवाळप्पा म्हणाला आणि खरंच गप्प बसायचं ठरवून निघाला.

पंचशीलाची इच्छा होती की प्रयोग कारखान्यातच व्हावा. शेषेराव साहेबांनी मानेनंच नाही म्हटलं. "तुमच्या जागेत तुम्ही काय कराल ते मला काय ठाऊक? सगळं इथं, माझ्या टेबलावर." म्हणून सिलिंडर ढकलगाडीवरून हापिसात आला, आणि माश्या ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीतून आल्या. अकरा वाजले होते. पत्रे तडतड वाजत होते. व्यंकटराव सर नांदेडहून पहाटेच्या गाडीनं आलेले, पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. माणूस कडक, पण खोटा नव्हे. आल्या आल्या त्यांनी वही मागून घेतली आणि पान न पान वाचलं.

पंचशीलानं एकाच बाटलीत पन्नासेक नांदेडच्या आणि पन्नासेक मुरुडच्या माश्या सोडल्या. एकच बाटली, एकच गॅस, कुणाला शंका नको. नळी घातली. माश्या पडल्या. पंधरा मिनिटं गेली. मग तिनं त्या कागदावर ओतल्या आणि सगळे वाकून बघू लागले.

तिसऱ्या मिनिटाला एका माशीनं पाय झाडले. पांढरे डोळे. मग दुसरीनं. मग तिसरीनं, आणि तिचे डोळे लाल होते.

मडिवाळप्पाला वाटलं आपल्या नजरेचा दोष. पण नाही. एकामागून एक लाल डोळेवाल्या उठत होत्या, पंख सावरत होत्या, कागदावर चालत होत्या. दहा मिनिटांत कागद जवळजवळ रिकामा. दोन-चार सोडल्या तर नांदेडच्या उठल्या, मुरुडच्या उठल्या, आणि उठून शेषेराव साहेबांच्या चहाच्या कपाभोवती फिरायला लागल्या.

"चला!" शेषेराव साहेब मोकळं हसले. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. "गॅसनं माशीसुद्धा मरत नाही. उगाच लोकांच्या अफवा." त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. 'सदर वायू निर्दोष आढळून आला.'

मडिवाळप्पाला वाटलं, सुटलो! मशीन चालणार. बाटल्या भरणार. त्यानं मनातल्या मनात शिवकांताला हाक मारली आणि वळून पंचशीलाकडं पाहिलं.

ती बाटलीला फडकं गुंडाळत होती. एकच फडकं, पुन्हा पुन्हा.

"नऊ महिने, पंचशीला," व्यंकटराव सर हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "वहीत मार्चनंतर प्रत्येक पानावर मुरुडच्या माश्या मेल्यात. इथं उठल्या. मी काय समजू?"

"सर, आकडे खरे आहेत."

"मग आत्ता आपण काय पाहिलं?"

तिनं फडकं सोडून बाटली पुन्हा उजेडात धरली. "विषय बदल," सर म्हणाले. "मी ह्यावर सही करू शकत नाही. तुझ्यावर माझा राग नाही. पण करू शकत नाही."

मडिवाळप्पा तोंड फिरवायला गेला, आणि तोल सावरायला त्यानं टेबलावर हात टेकला. हात चटकन मागं आला. टेबल तापलेलं होतं. पत्र्याखालचं लोखंडी टेबल, तापणारच. तीस वर्षं बर्फात घातलेला हात होता तो. ऊन-गार त्याला सांगावं लागत नसे. आणि त्याच क्षणी त्याला कळलं. कारखान्यात ह्या माश्या कधी टेबलावर झोपल्याच नव्हत्या. त्या लादीवर झोपत होत्या.

बर्फ! पंचशीलाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण तिला लादी म्हणजे नुसतं टेबल होतं. पुस्तकातल्या तीन ओळींत ते लिहिलेलं नव्हतं. हे ह्या खोलीत एकट्या मडिवाळप्पाला ठाऊक होतं.

आणि साहेबांची सही अजून व्हायची होती.

गप बस, त्यानं स्वतःला बजावलं. आयुष्यभर नको तिथं बोललास, आज एकदा गप बस. पोरगी हुशार आहे, दुसरा विषय घेईल, पुन्हा नऊ महिने करील. तुझं मशीन बंद पडलं तर दुसरं काय आहे तुझ्यापाशी? साहेबांनी लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि पेन सहीच्या जागी आणलं. त्याच वेळी पंचशीलानं वही सरांच्या हातातून परत घेतली, पिशवीत ठेवली, आणि पिशवीची वादी नीट बांधली. नऊ महिन्यांचं काम तिनं असं घडी घालून बांधलेलं त्याला बघवलं नाही.

"साहेब, थांबा," मडिवाळप्पा म्हणाला. "सही करू नका."

शेषेराव साहेबांनी वर पाहिलं. "आता काय?"

"माझ्याकडं ह्या माश्या बर्फावर झोपत व्हत्या. हितं टेबल तापलंय. गारव्यात करून बघा. मुरुडच्या उठायच्या न्हाईत."

"अहो, तुमचाच गॅस चांगला ठरलाय! तुम्ही मला सांगताय की तुमच्या गॅसनं माश्या मरतील?"

"हाव," मडिवाळप्पा म्हणाला. "तेच सांगून राहिलो."

पंचशीलानं झटकन मान वर केली. "गारवा!" ती म्हणाली, आणि मग मडिवाळप्पाकडं बघून तिचा आवाज एकदम खाली आला. "आप्पा, राहू द्या. तुमचं मशीन…"

पण मडिवाळप्पा तोवर सायकलवर बसला होता. भर दुपारी बारा वाजता साठीला टेकलेला माणूस लादीचा तुकडा पोत्यात बांधून, धोतराचा काष्टा सांभाळत, गंजगोलाईतून सुटला. वाटेत गुंडप्पानं हाक मारली, "काय हो, झालं का?" तर उत्तर न देता पुढं गेला. गुंडप्पाला वाटलं, नक्की कुणीतरी वारलं.

लादी टेबलावर आली, लादीवर पोतं, पोत्यावर बाटली. पुन्हा टोपलीतून पन्नासेक पांढऱ्या, पन्नासेक लाल. पुन्हा तीच नळी, तोच गॅस, पंधरा मिनिटं. बर्फाचं पाणी टेबलावरून शेषेराव साहेबांच्या शिक्क्यांपर्यंत आलं, तेव्हा त्यांनी शिक्के उचलून मांडीवर घेतले. मग माश्या कागदावर ओतल्या.

चौथ्या मिनिटाला साहेबीणबाई उठल्या. पांढऱ्या डोळ्यांच्या एकोणपन्नास. लाल डोळ्यांच्या तशाच पडून राहिल्या. पाय थरथरले आणि थांबले. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, अर्धा तास गेला.

व्यंकटराव सर भिंग घेऊन इतके वाकले की त्यांच्या घामाचा थेंब कागदावर पडला. मग त्यांनी हात पुढं केला. "वही दे." त्यांनी शेवटचं पान काढलं, तारीख टाकली आणि सही केली. "पंचशीला, तू बरोबर होतीस. मी नांदेडला बसून तुझा हात चुकतो म्हणत होतो. ती पहिली मादी मुरुडला नेमकी कुठं धरलीस? मला ती जागा बघायचीय."

पंचशीला रडायला लागली. पदरानं तोंड पुसत, हसत, परत रडत. मडिवाळप्पाचेही डोळे भरून आले. त्यानं सांगितलं, डोळ्यांत बर्फाची वाफ गेली.

शेषेराव साहेब मात्र मांडीवर शिक्के घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं: विषाणू, आईकडून लेकरात, माणसाला काही नाही. दोनदा विचारलं, दोनदा समजून घेतलं.

"मॅडम, मला पटलं," ते म्हणाले, आणि ते खरंच बोलत होते. "पण मी वर काय लिहू? 'वायूने माश्या मेल्या, परंतु दोष माश्यांचा आहे'? उद्या माझी बदली होईल. डोळ्यांदेखत गॅसनं माश्या मेल्या, आता मी निर्दोष लिहू शकत नाही. नमुना तपासायला बाहेर पाठवतो. अहवाल येईपर्यंत…"

"किती दिवस?" पंचशीलानं विचारलं.

"दीड महिना. दोनसुद्धा."

"साहेब, हे बरोबर नाही! ह्यांनी स्वतः सांगितलं म्हणून…"

"राहू दे, पोरी," मडिवाळप्पा म्हणाला. "त्यांचं बी काम हाय."

शेषेराव साहेबांनी मघाचा कागद फाडला. फाडताना त्यांनी मडिवाळप्पाकडं पाहिलं नाही.

दुपारी तीनला शिपायानं सोड्याच्या मशीनला सुतळी गुंडाळली, लाख वितळवली आणि शिक्का मारला. शिवकांता दारातून हे बघत होती. शिपाई जाईपर्यंत ती थांबली. मग नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय झालं?"

मडिवाळप्पानं टोचा उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"पोरगी पास झाली," तो म्हणाला.

"आन् आपलं?"

"आपलं पावसाळ्यापस्तोर बंद. मी बोललो म्हून."

शिवकांता त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं मशीनच्या शिक्क्याकडं पाहिलं, भुशाच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. तिथं पंचशीला उंबऱ्यावर बसली होती, मान खाली, आत यायचं धाडस होत नसल्यासारखी.

"तिला आत बोलवा," शिवकांता म्हणाली. "सकाळधरनं पोटात काय नसंल तिच्या. भाकरी टाकते."